मदत हवी आहे: ट्रान्समिशन ‘परमिशन डिनाइड’ म्हणून थांबतं, पोर्टही बंद दाखवतं

डेबियन १२ (लिनक्स), ट्रान्समिशन-डीमन (मागे सतत चालणारा टॉरेंट प्रोग्रॅम). ९०९१ वरचं वेब पान नीट उघडतं. डाउनलोड २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर (एक्सफॅट फाइल-प्रणाली), जी डेस्कटॉप आपोआप ‘मीडिया’खाली माउंट करतो (जोडतो). डेबियनच्याच आयएसओचं टॉरेंट टाकलं तरी काही सेकंदांत ‘परमिशन डिनाइड’. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना परवानगी) निमूट चालतं, फरक शून्य. सीएचओन (मालक बदलणं) ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणतं. त्याच डिस्कवर क्यूबिटटोरेंट (दुसरा टॉरेंट प्रोग्रॅम) व्यवस्थित उतरवतं. शिवाय ५१४१३ पोर्ट (जिथे इतरांच्या जोडण्या येतात) बंद दिसतं. राउटरवर फॉरवर्ड केलंय, यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये टीसीपी उघडलंय. आधी पोर्ट सोडवू का?

प्रतिसाद १
पोर्ट बाजूला ठेवा. बंद पोर्टमुळे फार तर वेग कमी होईल, ‘परमिशन डिनाइड’ येणार नाही.

क्यूबिटटोरेंट चालतं यातच उत्तर आहे: ते तुमच्या नावाने चालतं, डीमन मात्र ‘डेबियन-ट्रान्समिशन’ या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने. डेस्कटॉप ‘मीडिया’खाली तुमच्या नावाचं फोल्डर फक्त तुमच्यासाठी उघडतो. एक्सफॅटमध्ये फाइलची मालकी साठवायची सोयच नाही; मालक कोण ते माउंट करतानाच ठरतं. म्हणून सीएचमॉड-सीएचओन कितीही वेळा चालवा, व्यर्थ.

‘आयडी डेबियन-ट्रान्समिशन’ चालवून दोन्ही आकडे (वापरकर्त्याचा यूआयडी, गटाचा जीआयडी) टिपा. ‘बीएलकेआयडी’ने डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) घ्या. ‘एमएनटी’खाली ‘साठा’ फोल्डर करा आणि एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) ओळ घाला: यूयूआयडी, ते फोल्डर, एक्सफॅट, मग पर्याय यूआयडी, जीआयडी (टिपलेले आकडे), यूमास्क=००२ (मालक आणि गटाला लिहू देणारं), नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडू न देणारं). स्वतःला त्या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या, नाहीतर तुम्हालाच तिथे लिहिता येणार नाही.

आता डीमन आधी थांबवा, मग सेटिंग्ज डॉट जेसनमध्ये ‘डाउनलोड-डिर’ (डाउनलोडचं फोल्डर) बदलून ‘साठा’चा मार्ग द्या. चालू असताना बदललंत तर बंद होताना तो जुनी मूल्यं पुन्हा लिहून टाकतो. बहुतेक जण इथेच फसतात.

प्रश्नकर्ता
डाउनलोड सुरू झालं, आभार! पण रीस्टार्टनंतर ‘नो डेटा फाउंड’ येतं. डिस्क तर माउंट झालेली दिसते.

प्रतिसाद २
डीमन डिस्कच्या आधी उठतोय. ‘नोफेल’ असलं की बूट डिस्कसाठी थांबत नाही. ‘सिस्टिमसीटीएल एडिट ट्रान्समिशन-डीमन’ करून ‘युनिट’ विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ पुढे साठ्याचा पूर्ण मार्ग द्या. मग डिस्क नसेल तर डीमन सुरूच होणार नाही. हे बरंच, नाहीतर रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत तो मूळ डिस्क भरू शकतो. अडकलेली टॉरेंटं काढू नका. ‘व्हेरिफाय लोकल डेटा’ करा, उतरलेले तुकडे तो ओळखतो.

पोर्टचं: ५१४१३ यूडीपीही उघडा, यूटीपी (टॉरेंटची डेटा-वाहतूक) आणि डीएचटी (इतर वाटेकरी शोधणं) त्यावरच चालतात. राउटरने या संगणकाला दरवेळी तोच आयपी द्यावा अशी नोंद करा, नाहीतर फॉरवर्ड भलत्याच यंत्राकडे जाईल. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (सेवादात्याने राउटरला दिलेला पत्ता) किती आहे?

प्रश्नकर्ता
१००.७२ ने सुरू होतो.

प्रतिसाद २
मग फॉरवर्डशी झगडू नका. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा सीजीनॅटचा (सेवादाता एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतो). बाहेरून येणारी जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. सेवादात्याकडे सार्वजनिक आयपी मागा किंवा आयपीव्ही६ मिळतं का पाहा. मिळालं तर राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्येही ५१४१३ उघडावं लागेल. तोवर तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्या चालतातच. भरपूर सीडर (पूर्ण फाइल वाटणारे) असलेल्या आयएसओला काही अडत नाही. एक-दोनच सीडर असलेलं आणि त्यांचंही पोर्ट बंद असलेलं टॉरेंट मात्र सहसा रखडतं.