अर्काच्या डिस्कभोवती झोन येतो, पण एमआयसी लागत नाही. चूक कुठे?

पर्णिका
पानांचा अर्क आहे, ८० टक्के मिथेनॉलमधला. ५० मिग्रॅ/मिलीच्या द्रावणाचे २० मायक्रोलिटर कागदी डिस्कवर टाकल्यावर स्टॅफिलोकोकस ऑरियसला १४ मिमीचा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) येतो, ई. कोलायला काहीच नाही. रेझाझुरिन हा रंग वापरून एमआयसी (जंतूंची वाढ रोखणारी किमान तीव्रता) काढली, तर १००० मायक्रोग्रॅम/मिलीपासून शेवटपर्यंत सगळे वेल गुलाबी. याच अर्काचा मलेरियाच्या परजीवीवर (प्लास्मोडियम फाल्सिपेरम) आयसी५०, म्हणजे निम्मी वाढ रोखणारी तीव्रता, २० मायक्रोग्रॅम/मिली आणि माकडाच्या व्हेरो पेशींवर सीसी५०, म्हणजे निम्म्या पेशी मारणारी तीव्रता, ४५ आहे. पानं उन्हात वाळवलेली. आता अर्कातले घटक वेगळे करायला घ्यावेत का?

अगारवाला
अजून नको. आधी त्या गुलाबी रंगाचा निकाल लावा. जिवंत जंतू रेझाझुरिन निळ्याचं गुलाबी करतात, पण पॉलिफेनॉल भरपूर असलेला अर्क तेच काम जंतूंशिवायही करतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेला एक वेल फक्त अर्क आणि माध्यमाचा ठेवा. तोही गुलाबी झाला, तर त्या अर्कासाठी हा रंग निरुपयोगी. मग रंग न घालता सुरुवातीला आणि १८ तासांनी प्रत्येक वेलमधला थेंब विरळ करून अगारवर पसरा आणि वसाहती मोजा. नुसती वाढ आहे की नाही एवढंच पाहिलं तर एमबीसी (जंतू मारणारी किमान तीव्रता) कळते. जंतूंना न मारता थोपवून धरणारा अर्क त्यात उगीच नापास होतो.

प्लेट अशी लावा: डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ/मिली साठा, म्यूलर-हिंटन ब्रॉथ या द्रव माध्यमात ५० पट विरळ, म्हणजे २ मिग्रॅ/मिली. ते निम्मं निम्मं करत प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) इतकं जंतूद्रावण १०० पट विरळ करून त्याचेही १०० मायक्रोलिटर. आता पहिल्या वेलमध्ये अर्क १००० मायक्रोग्रॅम/मिली, डीएमएसओ १ टक्का आणि जंतू मिलीला सुमारे ५ लाख. जंतू दहापट जास्त पडले तर बरा अर्कही निकामी दिसतो. सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लावाच. एटीसीसी २९२१३ या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या प्रमाण वाणावर त्याची एमआयसी ०.१२ ते ०.५ मायक्रोग्रॅम/मिलीच्या बाहेर गेली, तर त्या दिवसाची सगळी प्लेट बाद.

१४ मिमीवर फार विसंबू नका. तुमच्या डिस्कवर १००० मायक्रोग्रॅम अर्क आहे. जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या डिस्कवर १० मायक्रोग्रॅम असतं. शिवाय झोन किती पसरेल हे रेणू अगारमधून किती सरकतो यावरही ठरतं. तेलकट घटक जागचे हलत नाहीत, त्यामुळे दोन अर्कांचे झोन एकमेकांशी ताडून क्रम लावणं चूकच. ई. कोलायचं नवल नाही, त्याचं बाहेरचं पटल आणि रेणू बाहेर फेकणारे इफ्लक्स पंप बहुतेक वनस्पतिज रेणूंना दाद देत नाहीत.

काढा_आणि_कॉलम
८० टक्के मिथेनॉल म्हणजे टॅनिन भरभरून येणार. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'क्रियाशील' दिसतं आणि पुढे कुठेच नेत नाही. थोडा अर्क टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिअमाइडच्या कॉलममधून काढून पुन्हा तपासा. परिणाम नाहीसा झाला, तर इथेच थांबलेलं बरं.

पानं सावलीत, ४० अंशांच्या आत वाळवा. वजनाच्या दहापट द्रावक, २४ तास, तीनदा. बाष्पीकरणही ४० अंशांवरच. उष्णतेने काय हातचं जातं याचं मोठं उदाहरण मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचं आहे: चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने उकळणं सोडून कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला, तेव्हा कुठे १९७१ साली उंदरांमध्ये खात्रीचा परिणाम मिळाला.

हिवतापवाला
मलेरियाचा आकडा बघू. ४५ भागिले २० म्हणजे निवडकता निर्देशांक २.२५. किमान १० हवा. तुमचा अर्क परजीवी आणि पेशी दोघांनाही जवळपास सारखाच मारतोय. कच्च्या अर्काचा आयसी५० ५ च्या खाली असता तर उत्सुकता वाटली असती. सॅपोनिन (वनस्पतींमधले साबणासारखे घटक) आहे का तेही तपासा: त्याने तांबड्या पेशी फुटल्या की परजीवी आपोआप मरतो आणि औषध सापडल्यासारखं वाटतं. अर्क आणि निरोगी तांबड्या पेशी ४८ तास एकत्र ठेवून वरचं पाणी लाल होतं का बघा.

लोक ही वनस्पती कशी वापरतात, हे प्रश्नात कुठेच नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. मालीमध्ये पिवळ्या धोतऱ्याच्या पानांचा काढा निवडला गेला तो प्रयोगशाळेतल्या छाननीतून नव्हे, घरोघरी कोणत्या उपचाराने रुग्ण बरे झाले याची नोंद घेऊन. मग माणसांवर मात्रा ठरवली आणि ३०१ रुग्णांमध्ये आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधांशी तुलना केली (२०१० मध्ये प्रसिद्ध). काढा घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के आणि औषधं घेणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांना दुसऱ्या टप्प्याचं औषध लागलं नाही. त्याच झाडाच्या बियांचं तेल मात्र विषारी, त्यातल्या सँग्विनारिनमुळे जलोदरासारखी सूज येते. झाड तेच, पण पान की बी यावर सगळं अवलंबून.

नमुनापत्र
वनस्पतीचा वाळवलेला हर्बेरियम नमुना संग्रहात जमा केलाय का? फुलासह, जमा क्रमांकासकट? 'शंखपुष्पी' म्हणून तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. नमुना नसेल तर वरचे सगळे आकडे नक्की कोणत्या झाडाचे, हेच सांगता येत नाही. आणि अर्क देशाबाहेर पाठवणार असाल, तर जैविक संसाधनांच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नागोया करारानुसार लागणारी संमती आणि लाभवाटपाची कागदपत्रं आधी. नंतर मिळत नाहीत.

पर्णिका
नमुना आहे, क्रमांकही. पण पहिल्या वेलमध्ये डीएमएसओ ५ टक्के होतं, आणि मलेरियाच्या प्लेटमध्ये १ टक्का.

हिवतापवाला
मग आयसी५० पुन्हा काढा. परजीवीच्या संवर्धनात डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या खाली ठेवा, आणि नुसत्या डीएमएसओची ओळ प्रत्येक प्लेटवर. व्हेरो पेशींनाही तेवढंच द्या, नाहीतर भागाकार दोन वेगळ्या गोष्टींचा होईल.

अगारवाला
५ टक्क्यांचा तो वेल मोजूच नका. साठा २०० मिग्रॅ/मिलीचा करायचा मोह टाळा, ब्रॉथमध्ये पडताच अर्क साका होऊन खाली बसतो आणि तो गढूळपणा जंतूंची वाढ समजला जातो.