क्वार्टर पडल्या, सवय राहिली

तेल कंपनीचं वाळवंटातलं गाव पाडल्यावर मागे काहीच उरलं नाही, कारण कंपनीच्या गावाला मुळंच नसतात, असं एकाने लिहिलंय. पटलं नाही. आमचं कोयनानगरही प्रकल्पाचंच गाव, धरणासाठी वसवलेलं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. कोयनेचा पाऊस म्हणजे चार महिने कपडे वाळायचे नाहीत. आई शेगडीवर डालगं उपडं घालून त्यावर आमचे शर्ट वाळवायची. अख्ख्या वर्गाला धुराचा वास, त्यामुळे तो कुणाला यायचाच नाही!

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या सुमारास भूकंपात ती वसाहत गेली. दगडी भिंती आत कोसळल्या. दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली दोन. कोयना प्रकल्पाचं पोफळीचं वीजघर बंद पडून पार मुंबईत अंधार झाला, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही तेव्हा पटांगणात घोंगडी पांघरून बसलो होतो. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग वडिलांची बदली झाली.

पण मुळांचं म्हणाल तर, कोयनेचे धक्के आजही कराड-पाटणकडे जाणवतात. मांडणीवरची भांडी वाजली की घरात सगळे आधी गप्प होतात, मग पैज लागते. "तीनचा." "छे, साडेतीनचा असणार." दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा बघायचा. वडील सहसा बरोबर निघायचे.