मुली हॉलमध्ये, मुलगे मैदानावर : लैंगिक शिक्षणाचे तुमचे अनुभव

दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पुनरुत्पादनाचं प्रकरण आहे. मासिक पाळी, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी, सगळं आकृत्यांसकट. आमच्या वेळी असली पानं 'घरी वाचून घ्या' म्हणून उलटली जायची. २००७ मध्ये राज्याने शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला, तेव्हाची आरडाओरड अनेकांना आठवत असेल. संस्कृतीवरची चर्चा कृपया नको, ती करून झालीय. तुम्हाला कोणी, काय सांगितलं आणि काय सांगायला हवं होतं, तेवढंच लिहा.

हॉलमधली
सॅनिटरी पॅडवाल्या ताई आल्या, आम्हाला आत घेऊन दार लावलं, मुलांना फुटबॉल दिला. प्रत्येकीला एक पाकीट मिळालं, ते दप्तराच्या तळाशी. पाळी का येते ते कळलं. पोट किती दुखलं म्हणजे डॉक्टरकडे जायचं, ते नाही.

मैदानावरचा
आम्हाला शिकवलं एसटी स्टँडच्या मुतारीतल्या पत्रकांनी! 'गुप्तरोग, कमजोरी, शर्तिया इलाज.' इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एकाने स्वप्नदोषाच्या धास्तीने मेसचे पैसे वैदूला दिले. हा रोगच नाही, हे त्याला पुढे तापासाठी गेला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं.

माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा
नववीच्या वर्गात मी चिठ्ठ्यांचा डबा ठेवते. नाव लिहायचं नाही, मुलगे-मुली एकत्र. 'आवाज फुटला की गाणं जातं का?' 'हात धरल्याने दिवस जातात का?' हसू येतं, पण मी हसत नाही. एकदा हसलं की डबा रिकामा. एकदा चिठ्ठी आली : 'घरी येणारे एक काका नको तसा हात लावतात.' कोणाची, कळायला मार्ग नव्हता. पुढच्या तासाला विषय बाजूला ठेवून सगळ्या वर्गाला सांगितलं की यात दोष मुलाचा नसतो, मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करता येतो, आणि माझ्याकडे आलात तर मी गप्प बसणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, मला तसं बसताही येत नाही. काही दिवसांनी ती स्वतः आली. पुढचं इथे लिहीत नाही. पालकसभेत मात्र आजही विचारतात, 'मॅडम, हे डब्याचं काय नवीन?'

समुपदेशक, ग्रामीण रुग्णालय
आमच्याकडे मैत्री क्लिनिक आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, मोफत. वाट मात्र ओपीडीच्या बाकड्यांवरून, आणि तिथे गावातलीच कोणीतरी 'तू कोणाची गं?' म्हणून विचारणार. दार मागच्या बाजूला हवं, हे कागदावर दोनदा लिहून दिलंय.

इतिहासवाला
र. धों. कर्व्यांनी १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणावरचं मासिक सुरू केलं. अश्लीलतेचे खटले झाले, एकात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. एवढं होऊन आपण अजून फुटबॉल वाटतोय.

गडचिरोली
डॉ. राणी बंग यांच्या 'तारुण्यभान' या तरुण मुलामुलींच्या लैंगिक शिक्षण शिबिराला गेलो होतो. सुरुवातीला सगळे खाली बघत होते. शेवटी मुलींनी मुलांना प्रश्न विचारले.

आई, ठाणे
मुलगा दहाचा. वाढदिवसाला त्याच्या बहिणीची पाळी सुरू झाली, त्याने विचारलं, 'ताई पूजेला का नाही?' मी सासूबाईंसमोरच सगळं सांगितलं. त्या उठून गेल्या नाहीत. आता त्याच्या स्वतःच्या बदलांबद्दल कोणी बोलायचं? नवरा म्हणतो 'तूच सांग'. कोणा बाबाने मुलाशी हे बोललंय का? सुरुवात कशी केली, प्लीज लिहा.