विषय: ट्रान्स्क्रिप्ट – शुक्रवारच्या आत कोणी सांगेल का?

मंडळी,
लेकीचं काम अडलंय. न्यू जर्सीच्या जुन्या शाळेची ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) इथल्या टेक्सासच्या शाळेने चढवली ती ऑनर्सचे, म्हणजे वरच्या पातळीचे, सगळे विषय साधे धरून. जादा वेटेज फक्त एपीला, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांना. शिवाय तिकडे अक्षरं, इथे आकडे, त्यामुळे ‘ए मायनस’ दिसला की सरसकट ९०. केमिस्ट्रीत तिला ९२ होते, पोर्टलचा स्क्रीनशॉट आहे. काउन्सेलर म्हणते शुक्रवारनंतर बदल नाही. अकरावी आहे हो!
– प्राची

प्राची,
एवढं घाबरू नकोस. कॉलेजवाले आपला हिशोब पुन्हा मांडतात. आमच्या थोरल्याच्या वेळी इयत्तेतली रँक कोणी विचारलीसुद्धा नाही.
ता. क. गणपतीच्या हॉलचे पैसे अकरा घरांकडून यायचेत.
– बापू

बापू, तुमचा थोरला राज्याबाहेर गेला, म्हणून नाही विचारली. टेक्सासात राहायचं तर रँकच बघतात. १९९७च्या कायद्याने वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने २०२६च्या प्रवेशापासून ते पाचावर आणलंय. सहाशेंच्या इयत्तेत तीस मुलं. (तेही विद्यापीठात, हव्या त्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, नव्हे.)

प्राची, स्क्रीनशॉट कोणी धरत नाही. जुन्या शाळेच्या रजिस्ट्रारकडून लेटरहेडवर टक्केवारी माग, सोबत स्कूल प्रोफाइल, म्हणजे शाळेचे विषय आणि गुणपद्धत सांगणारं पत्रक. आमचे दोन विषय त्यावर सुधारले. ऑनर्सचं मात्र, आपल्या यादीत त्याच तोडीचा अ‍ॅडव्हान्स्ड विषय असेल तरच वेटेज, असं आम्हाला सांगितलं. बायॉलॉजी बसली, इतिहास राहिला. दर स्कूल डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत बसू नकोस. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या साइटवर रँक-वेटेजची ‘ईआयसी लोकल’ नावाची पॉलिसी आहे, ती वाच आणि मीटिंगला छापून ने.
– मेधा

सर्वांना विनंती,
शाळा-कॉलेजचे प्रश्न शिक्षण समितीकडे पाठवायचे हे एप्रिलच्या सभेत ठरलंय. समिती आहे, जिवंत आहे.
– वसुधा

समितीला मी जूनमध्ये लिहिलं होतं, वसुधाताई. अजून वाट बघतोय.
– नितीन

विषय निघालाच आहे तर, मराठी शाळेतल्या मुलांना ‘स्टॅम्प’ ही भाषेची परीक्षा मराठीतही देता येते. भाषेचं क्रेडिट मिळू शकतं. रविवारी या, फॉर्म आहेत.
– शोभाकाकू

काकू, आमच्याने दिली. क्रेडिट मिळालं, जीपीएत (गुणांच्या सरासरीत) शून्य फरक. पण आजीला फोनवर मराठी वाचून दाखवलंन, तेवढं पुरे.
– नितीन

नितीन, क्रेडिटचं आधी शाळेला विचारायचं असतं, मग परीक्षा. दर वर्षी घसा कोरडा करून सांगते.
– शोभाकाकू

मेधाताई, जर्सीची शाळा लेबर डेनंतर (सप्टेंबरात) उघडते, ऑफिसात एकच बाई. दोन दिवस फोन केले, तिसऱ्या दिवशी तिने पत्र स्कॅन करून पाठवलं. शुक्रवारी साडेतीनला काउन्सेलरच्या टेबलावर ठेवलं. केमिस्ट्री ९२ झाली, ऑनर्स बायॉलॉजीला वेटेज मिळालं. इंग्लिश ऑनर्सला नाही, पॉलिसीच्या छापील पानावर बोट ठेवूनही नाही. अपील करायचं तर फॉर्म वेगळा आहे, तो भरतेय.
बापू, हॉलचे पैसे आज झेलने, बँकेतून, पाठवलेत. आता दहा घरं.
– प्राची

दहा नाही, नऊ. मेधाचेही आले.
– बापू