एनव्हीएमई गायब झाली की 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' टाका, हा सल्ला थांबवा

रिंगबफर:
लिनक्सवाल्यांना सल्ला असा दिला जातो: एनव्हीएमई (पीसीआयई लिंकवर जोडलेली एसएसडी) मध्येच गायब होते, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) एईआरच्या (पीसीआयईच्या चुका कळवणाऱ्या यंत्रणेच्या) ओळींचा पूर येतो, तर ग्रबमध्ये (बूटलोडरमध्ये) 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ पीसीआय=नोएईआर' टाका (एएसपीएम म्हणजे पीसीआयई लिंकची वीजबचत) आणि विसरून जा. विसरून कसं चालेल? नोएईआरने चूक जात नाही, नोंद जाते. 'बॅड टीएलपी'च्या (लिंकवर बिघडलेल्या पॅकेटच्या) ओळी सारख्या येत असतील तर आधी स्लॉट आणि रायझर केबल तपासायला हवी. आणि इथे 'ऑफ'चा अर्थ 'कर्नलने एएसपीएमला हात लावू नये' एवढाच. फर्मवेअरने एल१ (लिंकची वीजबचतीची अवस्था) चालू ठेवलं असेल तर ते चालूच राहतं! बंद करायचं तर 'पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स' द्या, मग रूट म्हणून 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' चालवून एलएनकेसीटीएलची ओळ वाचा, एएसपीएम चालू की बंद ते तिथे दिसतं.

सुटेभाग:
कंट्रोलर पडल्यावर कर्नल स्वतःच छापतो की 'एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०' आणि 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' वापरून बघा. मग चूक सल्ला देणाऱ्याची कशी? ज्याची रूट फाइलसिस्टिम दर तासाला रीड-ओन्ली होते, त्याचं मशीन आधी चालू तर होऊ द्या.

रिंगबफर:
त्याच ओळीत पुढे 'आणि बग कळवा' असंही आहे. ते सगळे गाळतात. दोन्ही पॅरामीटर एकदम टाकले तर दोष एपीएसटीचा (ड्राइव्हच्या स्वतःच्या वीजबचतीचा, जिची मर्यादा 'लेटन्सी' पॅरामीटर ठरवतो) की लिंकचा, हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच बदला.

मॉडप्रोब:
मूळ घोळ वेगळाच आहे. लोक एनव्हीएमई_कोअरचा पॅरामीटर मॉडप्रोब.डी मध्ये (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या फाइलींत) लिहितात आणि 'फरक पडला नाही' म्हणतात. ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या फाइलसिस्टिममधून) लोड होतो, ती नव्याने बांधल्याशिवाय फाइल वाचलीच जात नाही. 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' किंवा 'ड्रॅकट -एफ'.

सुटेभाग:
म्हणूनच ग्रब म्हणतोय! सरळ कमांडलाइन.

मॉडप्रोब:
ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा बूटलोडर असेल तर ग्रबची फाइल कोण वाचणार? आणि ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर मॉडप्रोब.डी काहीच कामाची नाही, तिथे कमांडलाइनच हवी, हे मान्य. पण रीबूटनंतर प्रॉक-सीएमडीलाइन आणि सिस-मॉड्यूलखालची पॅरामीटर्स डिरेक्टरी उघडून प्रत्यक्ष किंमत बघा. न बघता 'केलं होतं' म्हणू नका.

सुटेभाग:
बरं, तपासणं मान्य. पण पॉलिसीचा उपायही सगळीकडे चालत नाही. एफएडीटीमध्ये (फर्मवेअर कर्नलला देतं त्या माहितीच्या तक्त्यात) फर्मवेअरने 'एएसपीएम नाही' लिहिलं असेल तर सिसएफएसमधून (/sys मधल्या फाइलींतून) पॉलिसी बदलताना 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. मग बायोसमध्येच जावं लागतं. हे तुम्ही सांगितलं नाहीत.

रिंगबफर:
ते राहिलं, खरं आहे. पण मग 'लेटन्सी' पॅरामीटरला शून्यही सरसकट देऊ नका. शून्याने एपीएसटी पूर्ण बंद होतं, ड्राइव्ह काम करत नसतानाही तापते. 'एनव्हीएमई आयडी-सीटीआरएल'मध्ये प्रत्येक पॉवर स्टेटची (वीजबचतीच्या पातळीची) एक्सलॅट, म्हणजे तिच्यातून बाहेर यायला लागणारा वेळ, मायक्रोसेकंदांत दिसते. सर्वांत खोल स्टेटच्या एक्सलॅटपेक्षा थोडी कमी किंमत द्या. मूळ किंमत १,००,००० आहे, त्यामुळे बहुतेक वेळा खोल स्टेटही चालू असते. तेवढी एक स्टेट वगळून ड्राइव्ह टिकली, तर दोष त्या स्टेटमध्येच आहे.

सुटेभाग:
हे करून बघण्यासारखं आहे. नोएईआरचं मात्र मी आधीही समर्थन केलं नव्हतं.