‘तुषार विदारण’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा
हिमाचलातल्या स्पितीच्या डोंगरांवरचा एक लेख तपासतेय. त्यात वाक्य आहे : ‘तुषार विदारणाने येथील खडक फुटतात.’ वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर भुईमुगाच्या शेतातले गरगर फिरणारे फवारे आले! हा शब्द मराठीत चालतो का? शिवाय शाळेत ‘विदारण’ शिकलो होतो, लेखात दोन परिच्छेदांनी त्याचंच ‘अपक्षय’ झालंय.

प्रतिसाद
फवारे दिसले यात तुमची चूक नाही. संस्कृतात तुषार म्हणजे हिम, गारठा. हिंदी भूगोलाने तो अर्थ धरून ठेवला, म्हणून तिकडे ‘तुषार’ खडक फोडू शकतो. मराठीत तो कारंज्यात आणि धबधब्यात जाऊन ओला झाला.

‘दहिवर’ही नको. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गवतावर, गाड्यांच्या टपावर जे पांढरं धरतं ते दहिवर (बातम्यांत त्याचे ‘हिमकण’ होतात). ते वरचं वर असतं. खडक फुटतो तो भेगेत मुरलेलं पाणी गोठून.

विदारण आणि अपक्षय पाठ्यपुस्तकी अर्थाने एकच : खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं. तुकडे वाहून गेले की मग क्षरण. पण विदारणात ‘दॄ’ धातू आहे, फाडणे, ‘हृदयविदारक’मधला तोच. अपक्षयात झिजण्याचा, खंगण्याचा भाव. बर्फाच्या कामाला विदारणच शोभतं. आपला काळा पाषाण पावसाळी दमट हवेत कांद्यासारखे पापुद्रे सोडत मऊ होतो, त्याला खुशाल अपक्षय म्हणा.

प्रतिसाद
मी सरळ ‘बर्फाची पाचर’ म्हणेन. पाथरवट दगडात ओळीने भोकं पाडून पाचरी ठोकतो, तसंच हे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पाण्याने गच्च भरलेली स्टीलची बाटली फ्रीजरमध्ये विसरा, सकाळी तिचा बूड फुगून ती ओट्यावर डुगडुगते. खडक फुगत नाही, तडकतो. दिवसा वितळलेलं पाणी चिरेत आणखी खोल उतरतं, रात्री पुन्हा पाचर. अशी पाचर पुन्हा पुन्हा बसायला नुसती थंडी पुरत नाही, शून्याच्या अल्याड-पल्याड ये-जा लागते.

प्रतिसाद
पाचर मान्य, पण सगळं श्रेय त्या ९ टक्क्यांना देऊ नका. भेग पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरलेली आणि बंद असेल तरच फुगण्याचा जोर लागतो. नाहीतर बर्फ मोकळ्या जागेत सरकतो. १९३०च्या सुमारास अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन गोठवून पाहिलं. बेंझिन गोठताना आकसतं, तरी माती वर उचलली गेली! कारण गोठणारा थर आजूबाजूचा द्रव स्वतःकडे ओढत जाड होत जातो. सच्छिद्र खडकातही बर्फाचे असे थर वाढतात, तेही शून्याखाली काही अंश गेल्यावर. म्हणजे पाचर कुणी बाहेरून ठोकत नाही, ती आतल्या आत पाणी पिऊन पोसते.

आणखी एक. बर्फ फोडतो आणि धरूनही ठेवतो. फुटलेला दगड रात्रभर चिकटून असतो, ऊन लागलं की सुटतो. म्हणून तिकडचे ड्रायव्हर अशा पट्ट्यांतून पहाटेच निघायची घाई करतात. रस्त्यावर ‘शूटिंग स्टोन्स’चे (वरून सुटणाऱ्या दगडांचे) फलक असतात, पहिल्यांदा वाचून मी आकाशाकडे पाहिलं होतं.

विचारणाऱ्याकडून
वाक्य असं केलं : ‘भेगांत मुरलेलं पाणी गोठतं, बर्फाची पाचर बसते आणि खडक उलतो.’ ‘उलणे’ आजीचा शब्द, ती कापसाच्या बोंडाला म्हणायची. आता उतारावर साचलेल्या त्या अणकुचीदार तुकड्यांच्या राशीला काय म्हणू? लेखात ‘शैलमलबा’ आहे.

प्रतिसाद
सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही विचारा : घसारा. पाय ठेवला की पायासकट खाली.