प्रतिसाद: स्की रिसॉर्टवर आठवड्याच्या मधल्या वाराची गर्दी आणि बर्फ
'स्कीइंगला आठवड्याच्या मधल्या वारी जा, रांगा नसतात' असं वर म्हटलंय ते अगदी खरंय, रांगा नव्हत्याच, एकच होती, कारण उतारावर वर नेणारी लिफ्टच एक चालू होती! आवडतं रिसॉर्ट म्हणून बुधवारी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो तर वरच्या चेअरलिफ्ट (तारेवरून जाणाऱ्या खुर्च्या) वाऱ्यामुळे बंद, आणि आदल्या दिवशी उन्हाने वितळलेला बर्फ रात्री परत गोठलेला, म्हणजे ११ वाजेपर्यंत नुसती काच, स्कीच्या कडा धरतच नव्हत्या.

आणि कृत्रिम बर्फ का मारत नाहीत असं कुणीतरी विचारलंय, तर त्याला नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. दमट हवेत पारा शून्याच्या जरासा खाली असला तरी फवारलेले पाण्याचे थेंब नीट गोठत नाहीत, उलट कोरड्या हवेत शून्याच्या किंचित वरसुद्धा जमतं. लिफ्टची स्थिती आधी बघितली नाही ती चूक मात्र माझीच.